नीटनेटका माणूस

९ फेब्रुवारी

"हा खोटं बोलायला लागला की फार नीटनेटका होतो."

सासूबाईंचं वाक्य. लग्नाला दोनच महिने झाले होते. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो आणि हा बाहेरच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा चारी बाजूंनी ठोकून ठोकून सरळ करत होता. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "लहानपणी शाळा बुडवली की दप्तर असं लावून ठेवायचा की मला दप्तराकडे बघूनच कळायचं." मी हसले. चार दिवसांनी माझी माहेरून आणलेली काचेची बरणी माळ्यावर सापडली, तुकडे तुकडे झालेली, कागदात गुंडाळून वर दोऱ्याची व्यवस्थित गाठ मारलेली.

तेवीस वर्षांत ते वाक्य विसरूनही गेले होते. आज सकाळी आठवलं. उठले तर याच्या चपला भिंतीशी, टाचा एका रेषेत. पांघरुणाची चौकोनी घडी. दात घासायची ट्यूब खालून वर गुंडाळत आणलेली. ती ट्यूब आयुष्यभर मधूनच दाबणारा माणूस हा.

दुखण्यात माणूस बदलतो म्हणतात. तसं असेल. तरी आमच्या चष्म्याच्या दुकानातली एक कोरी वही घरी आणली आणि लिहायला बसले आहे.

१२ फेब्रुवारी

हा आता पांढराशुभ्र झालाय. डोकं, मिशी, भुवया, पापण्या, अगदी मनगटावरचे केससुद्धा. गोळी सुरू केली तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ही गोळी केसांचा रंग खाते. घाबरू नका. रंग गेला म्हणजे गोळी पोटात जातेय, एवढंच समजायचं." गेल्या वर्षी कॅन्सरपायी एक मूत्रपिंड काढलं तेव्हा वाटलं होतं सुटलो. मग ऑगस्टमध्ये फुप्फुसांवर ठिपके दिसले आणि ही गोळी आली. रोज एक, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी. महिन्याच्या गोळ्या म्हणजे आमच्या दुकानाचं तीन महिन्यांचं भाडं. एक वाटा नणंदबाई देतात, उरलेलं आम्ही कुठून कुठून काढतो.

आज दुकानात मास्तर आले होते, दर वर्षी नंबर वाढवून घेणारे. याच्याकडे बघून म्हणाले, "काय हो, बायकोनं एका वर्षात म्हातारं केलं की तुम्हाला!"

हा म्हणाला, "छे, पिठाच्या गिरणीत बदली झालीय माझी."

सगळे हसले. हा पण हसला, पण ओठ न उघडता. तोंड आतून सोलवटलंय. तळव्यांची सालं निघतात, निखाऱ्यांवरून चालल्यासारखा चालतो. मऊ भात आणि गार दूध, एवढंच जातं.

डिसेंबरात डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाहेर थांबवून सांगितलं होतं की ही गोळी थोपवते, बरं करत नाही. कुणाला वर्ष मिळतं, कुणाला तीन. मी आत येऊन याला म्हटलं, "खूश आहेत त्या. बरा होशील म्हणाल्या." माणसाला धीर लागतो. त्याच आठवड्यात मी दुकानातले सगळे खण उपसले आणि फ्रेमा रंगांप्रमाणे लावल्या. काळ्या, मग तपकिरी, मग सोनेरी. हा दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "छान दिसतंय."

१५ फेब्रुवारी

खणांना नावाच्या पट्ट्या चिकटवल्या. पुसायच्या फडक्यांच्या चार चार पदरी घड्या. हात रिकामा ठेवला की डोकं चालतं.

२३ फेब्रुवारी

काल गोळ्या संपत आल्या होत्या. मी जाऊन आणते म्हटलं, तर म्हणाला, "आता रुग्णाचीच सही लागते. नवीन नियम." पैसे घेऊन गेला. बाटली आणली, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवली, लेबल पुढे करून.

लेबल पुढे करून!

४ मार्च

रात्री गोळी द्यायला मीच बाटली उघडली. आधीची गोळी फिकट गुलाबी होती. ही पांढरी, जरा जाड.

"ही निराळी दिसते."

"कंपनी बदलली. औषध तेच."

"तू विचारलंस?"

"त्याशिवाय घेईन का? दे इकडे."

गिळली. पाणी प्यायला. पेला विसळून पालथा घातला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

औषधवाल्याने फसवलं असणार. आजारी माणूस दिसला की यांना बरोब्बर कळतं. उद्या जाऊन भांडते त्याच्याशी.

५ मार्च

गेले नाही. हा म्हणाला, "तू भांडलीस की पुढच्या वेळी तो मला तासभर उभा करतो." त्याचंही बरोबर आहे. पण मला दुकानाबाहेर पडूच द्यायचं नाही, असं काहीतरी आहे याच्या मनात. कशावरून म्हणते, सांगता येत नाही.

११ मार्च

आज याने दोन अंडी खाल्ली, टोस्ट खाल्ला आणि मला विचारलं, "अजून आहे का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, आनंदाने. तोंड बरं होतंय. पायाची सालं थांबलीयत. परवा जिना एकदम चढला. नवीन गोळी जास्त चांगली असावी. मग मला आनंद का पुरत नाही? कालपासून मनात एकच कुरकुर: बरा होणारा माणूस माझ्याकडे बघून हसेल ना? हा माझ्याकडे बघतो आणि लगेच कुठलं तरी झाकण नीट लावायला जातो.

आणि गुरुवार. "पाय मोकळे करून येतो" म्हणून तीन वाजता जातो, सहाला येतो. पायच सोलत होते तेव्हा पाय मोकळे करायचं नाव नव्हतं.

१६ मार्च

इथे आधी आमच्या दुकानाची रीत लिहून ठेवते, म्हणजे आजचं काय झालं ते नीट लिहिता येईल. पुढे काउंटरवर मी. मागच्या खोलीत हा, काच घासायच्या चाकाशी. मध्ये भिंतीला एक खिडकी, एक तबक जाईल एवढी. गिऱ्हाईक आलं की मी डोळे तपासून चिठ्ठी लिहिते: नाव, नंबर, काम, कधी हवं. चिठ्ठी, फ्रेम आणि काचा तबकात ठेवून पलीकडे सरकवते. हा बघतो आणि चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितो, "होईल" किंवा "होणार नाही". मग तबक परत येतं. लग्नाआधी मी इथे नोकरीला होते तेव्हापासूनची रीत. तोंडाने हा कुणाला नाही म्हणू शकत नाही, पण चिठ्ठीवर कधी खोटं लिहीत नाही. म्हणतो, "तोंडाने खोटं बोललं की माणूस रुसतो. चिठ्ठीवर लिहिलं की काच फुटते."

तर आज मी तबक सरकवायला वाकले तेव्हा पलीकडून याचा आवाज आला. फोनवर.

"नाही नाही, बायकोला अजून काही बोललो नाही. दुकानाच्या नंबरावर फोन करूच नका तुम्ही. हो, गुरुवारी आहेच मी." मग हसला. ओठ उघडून, पूर्वी हसायचा तसा. "या वयात तुमच्यासारखीकडून शिकायचं म्हणजे कमालच झाली."

फोनमधून बाईचा आवाज येत होता. शब्द कळले नाहीत. आवाज तरुण होता.

मी तबक सरकवलं. काचा एकमेकींवर वाजल्या. दोन मिनिटांत चिठ्ठी परत आली, कोपऱ्यात "होईल". अक्षर नेहमीचंच.

१९ मार्च

मिशी काळी होतेय!

आज आरशासमोर मिशी कापत होता तेव्हा मागून बघितलं. टोकं पांढरी आणि मुळाशी काळी रेघ. कानांवरही तसंच. हा मुळापासून रंग लावतोय. मी न्हाणीघर धुंडाळलं. कपाट, पत्र्याचा डबा, त्याची दाढीची पिशवी, सगळं. रंगाची बाटली नाही, ब्रश नाही, टॉवेलावर डाग नाही.

म्हणजे रंग घरी लावत नाही. दुसरीकडे कुठेतरी लावतो.

मला माझीच लाज वाटते लिहिताना. ज्या माणसाच्या फुप्फुसांवर ठिपके आहेत त्याच्या मिशीवर मी पाळत ठेवते आहे.

२२ मार्च

नणंदबाई आल्या होत्या, महिन्याचं पाकीट घेऊन. याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. घरात शिरल्या की आधी फळीवरून बोट फिरवून धूळ बघतात, मग बसतात. हा दुकानात होता. त्यांनीच विषय काढला.

"केस काळे करतोय तो?"

"तुम्हाला कुणी सांगितलं ताई?"

"माझे डोळे फुटलेत का? त्या दिवशी नाक्यावर भेटला. म्हटलं, काय रे, नवरदेव! तर म्हणतो, बरं वाटतंय ताई. अगं, पन्नाशीचा माणूस, आजारी, याला रंग कशाला सुचतोय? तुझं लक्ष कुठे असतं?"

"दुकानात असतं."

"दुकानात दोघं असता ना? मग मधली भिंत पाड."

मी चहा ठेवला. कधी नव्हे ते त्यांनी दोन कप घेतले. जाताना दारात म्हणाल्या, "लहानपणी माझी पेन्सिल चोरली की माझं कंपासपेटीतलं सगळं लावून ठेवायचा. तेव्हा मी त्याला एक ठेवून द्यायची. तू काही करत नाहीस, तिथेच चुकतं तुझं."

२७ मार्च

गुरुवार. दुकान मास्तरांवर सोडून (त्यांनीच हौसेने घेतलं अंगावर, "मी कुणाला चुकीचा नंबर देणार नाही, फक्त वर्तमानपत्र वाचीन") मी याच्या मागे गेले.

आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मागे गेले. आपण पाठलाग करतोय हे सगळ्या रस्त्याला कळतंय असं वाटत होतं. हा भराभर चालत होता, मला गाठायला धाप लागली. गोदामांच्या गल्लीत एक दुमजली इमारत, खाली कुलूप, बाजूने लोखंडी जिना. जिना चढून याने बेल वाजवली. दार एका बाईने उघडलं. उंच, पस्तिशीची, केस मागे घट्ट बांधलेले. चष्मा होता, आणि नाकावरची पट्टी सैल होती, एवढंही मी बघितलं. ती हसली, याच्या कोपराला धरून आत घेतलं. दार बंद.

दाराला पाटी नाही.

मी समोरच्या वजनकाट्याच्या दुकानापाशी चाळीस मिनिटं उभी राहिले. शेवटी दुकानदार म्हणाला, "बाई, काटा घ्यायचाय का वजन करायचंय?" मी निघून आले.

३ एप्रिल

पुन्हा गुरुवार. या वेळी गेले नाही. परत आला तेव्हा सदरा मी धुवायला घेतला. बाहीवर पांढरी पूड, बोटाला लागली की खरखरीत. काचेची. ती पूड मी झोपेतही ओळखीन. पण आज दुकानात एकही काच घासलेली नव्हती.

आता कळलं. त्या बाईचं दुसरं दुकान आहे, आणि हा तिथे जाऊन तिच्या काचा घासतो. आमच्याकडे "दमलो" म्हणून दिवसाला तीन चष्मे करतो आणि तिकडे तीन तास उभा राहतो. पैसे मिळत असतील तर घरात आले नाहीत. का? कुणासाठी साठवतोय?

मला वाटलं होतं कळल्यावर राग येईल. आला नाही. सदरा दोनदा धुतला.

९ एप्रिल

आज याने मला चाकाशी बसवलं. "शिकून घे जरा."

"तुला कुठे जायचंय?"

याने चाकाची कड फडक्याने पुसली. मग म्हणाला, "कुठे नाही. काच टेकव. दाबू नकोस. ऐक, चाकाचा आवाज बारीक झाला की थांबायचं."

मला आवाजातला फरक कळत नाही. दोन काचा फुटल्या. तिसरी कडेला चिरली. याने तिन्ही तुकडे गोळा केले, कागदात बांधले. ओरडला नाही. पूर्वी फुटलेल्या काचेवरून हा माझ्यावर दिवसभर फुगायचा.

"नाही जमत मला."

"माहीत होतं," म्हणाला. असं म्हणाला की जणू माझ्या न जमण्यावर त्याने आधीच काहीतरी ठरवून ठेवलंय.

२१ एप्रिल

खिसे तपासले. लिहून टाकते, मी त्याचे खिसे तपासले.

कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला कागद. आमच्या मागच्या खोलीचा नकाशा, पट्टीने आखलेला. चाकाची जागा खोडलेली. तिथे एक मोठा चौकोन, त्यापुढे छोटा गोल आणि बाणाने लिहिलंय: "तिची खुर्ची. पाय टेकायला खाली फळी हवी. दिवा डावीकडून."

ती आमच्या दुकानात येणार आहे. याच्यानंतर, किंवा त्याच्याही आधी. माझ्या डोळ्यांदेखत.

एक गोष्ट मात्र बसत नाही. ती बाई तर चांगली उंच आहे. तिचे पाय जमिनीला टेकणार नाहीत असं कसं? काउंटरच्या स्टुलावर फळी घेऊन बसते ती मी. कदाचित दुसरीच कुणी असेल. किती जणी आहेत?

कागद तसाच घडीवर घडी घालून ठेवला. इतका नीट ठेवला की त्याला कळणार नाही.

१ मे

काही विचारत नाही मी. चौदा तारखेला छातीची तपासणी आहे. ती होऊ दे, बरी येऊ दे, मग विचारीन. आजारी माणसाशी भांडता येत नाही, हाच तर त्याचा फायदा घेतोय का हा?

आज जेवताना म्हणाला, "आठवतं? तू पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा नोकरी मागायला आली नव्हतीस. चष्म्याचा स्क्रू पडला होता तुझा."

"तू पैसे घेतले नव्हतेस."

"स्क्रूचे कोण घेतं?" मग थोड्या वेळाने, "तो स्क्रू मी जरा सैलच बसवला होता. पुन्हा यावीस म्हणून."

तेवीस वर्षांत हे पहिल्यांदा सांगितलं. मला गोड वाटायला हवं होतं. मी विचार केला, आज हा कबुलीची सवय का करतोय?

१४ मे

दवाखान्यातून येऊन लिहिते आहे. हा आत झोपलाय.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र लावलं. ठिपके मोठे झालेत. दोन नवे आहेत. त्यांनी जुनं चित्र शेजारी लावलं म्हणजे मलाही दिसलं.

"गोळ्या नियमित चालू आहेत?"

"हो," हा म्हणाला.

"एकही चुकली नाही?"

"नाही."

त्या याच्याकडे बघत राहिल्या. "केस काळे कसे झाले?"

"रंगवले." मिशीवरून हात फिरवला आणि हसला. "बायकोला आवडत नव्हतं पांढरं."

मी तोंड उघडलं, मी असं कधीच म्हटलं नव्हतं म्हणून. आणि माझी नजर टेबलावर गेली. तिथे त्याचा हात होता. मनगटावरचे केस काळे होते. बारीक, दाट, काळे, घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरलेले.

मनगटावरचे केस कोण रंगवतं?

मी वर बघितलं. पापण्या काळ्या. पापण्या कोण रंगवतं? "रंग गेला म्हणजे गोळी पोटात जातेय." ते वाक्य मीच या वहीत लिहिलंय. मग रंग परत आला तर? तेवीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या माझ्यासारखीला तीन महिने समोर बसून हे दिसलं नाही.

डॉक्टरीणबाईंना दिसलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी बोलेन म्हणून. मी पिशवी उचलून उभी राहिले. मला आधी त्याच्याकडून ऐकायचं होतं.

१५ मे

शेवटचं गिऱ्हाईक गेलं. शटर अर्धं खाली ओढलं आणि मागच्या खोलीत गेले. याचं मनगट धरलं आणि कामाच्या दिव्याखाली ठेवलं.

"कधीपासून?"

बघितलं त्याने मनगटाकडे, जणू दुसऱ्या कुणाचं आहे. "आठ फेब्रुवारी."

"बाटलीत काय आहे?"

"कॅल्शियम. हाडांना चांगलं असतं."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा इतका राग आला की मी त्याचा हात आपटला टेबलावर. "आणि ती बाई?"

"कोण बाई?"

"लोखंडी जिन्यावरची!"

"मशीनवाली?" त्याचे डोळे मोठे झाले. "तू आली होतीस तिथे? अगं, मग वर यायचंस की. तुलाच दाखवायचं होतं शेवटी." आणि सगळं सांगायला लागला, भराभर, शाळेतून आलेल्या पोरासारखा. आपोआप काच कापणारं मशीन. फ्रेम आत ठेवायची, ते तिचा आकार मोजतं आणि काच कापतं. आवाज ऐकावा लागत नाही. हात लागत नाही. दर गुरुवारी जाऊन याने जाड काचा, पातळ काचा, सगळ्या कापून बघितल्या, मशीन फसवतंय का ते. तीन महिन्यांच्या गोळ्यांचे आमच्या वाट्याचे पैसे आगाऊ भरले. मशीन महिनाअखेर येणार. उरलेले हप्ते दुकानातून सहज निघतील. ताईंच्या वाट्याची तीन पाकिटं तशीच कपाटात आहेत, त्यांच्या नावाने.

"तुला चाक जमत नाही," म्हणाला. "माझ्यानंतर तू आणि ते चाक. चार महिन्यांत दुकान बंद पडलं असतं."

"आणि मला न विचारता?"

"जानेवारीत मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. विचारलं, मी बरा होणार का. त्या म्हणाल्या, हे तुमच्या मिसेसना डिसेंबरातच सांगितलंय."

मी खाली बसले.

"त्याआधीच कळलं होतं म्हणा," तो म्हणाला. "तू फ्रेमा रंगांप्रमाणे लावायला घेतल्यास तेव्हाच. आईने तुला माझं सांगितलं होतं ना? तुझं मला कुणी सांगायला नको. तुझे खण सांगतात."

"मी तुला धीर देत होते."

"मग मी काय करत होतो?"

मग मी विचारलं, "तुला हवं नव्हतं का ते वर्ष? माझ्याबरोबरचं?"

त्याने चाकावरची पूड बोटाने पुसली. "हवं होतं. पण खरं सांगू? सगळंच काही तुझ्यासाठी केलं नाही. थोडं पायांसाठीही केलं. तीन महिने मी जेवलो. चाललो. तुझ्यापेक्षा भराभर चाललो." आणि हसला. "तू मागे होतीस हे माहीत असतं तर थांबलो असतो."

१६ मे

डॉक्टरीणबाईंना फोन केला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पुन्हा सुरू करता येईल. निम्म्या मात्रेने करू, पाय आणि तोंड एवढं सोलणार नाही. पुन्हा लागू पडेल का? सांगता येत नाही. किती काळ? तेही नाही.

मशीनवालीलाही केला. आवाज खरंच तरुण आहे, पण माझा आवाज ऐकून बिचारी घाबरली. मशीन निघायच्या आत रद्द केलं तर थोडं कापून बाकीचं परत देतील. "पण ते फार मनापासून शिकले हो," म्हणाली. "तुमच्या उंचीसाठी फळीसुद्धा करून घेतली त्यांनी."

याला दोन्ही सांगितलं. ऐकून घेतलं, मान हलवली, "बघू या" म्हणाला. आणि सगळे स्क्रू-ड्रायव्हर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावले.

१७ मे

वही पहिल्यापासून वाचली. नऊ फेब्रुवारीच्या पानावर चार खाडाखोडी आहेत. बारा फेब्रुवारीला, जिथे मी डॉक्टरीणबाईंचं आणि "बरा होशील"चं लिहिलंय, तिथे एकही नाही. अक्षर छापल्यासारखं. सासूबाई असत्या तर पान बघूनच ओळखलं असतं त्यांनी.

त्याला तोंडी विचारायचं नाही, हे ठरवलंय. तोंडाने तो हो म्हणेल, मला बरं वाटावं म्हणून, आणि बाटलीत पुन्हा कॅल्शियम भरील. चिठ्ठीवर मात्र तो खोटं लिहिणार नाही. काय लिहील तेही मला माहीत आहे: "होणार नाही". इतकी वर्षं त्या कोपऱ्यात तेच दोन शब्द वाचत आलेय, जाड नंबर आणि नाजूक फ्रेम असली की हमखास.

त्याच्या पेन्सिलीला टोक केलं. खोडरबर त्याच्या टेबलावरून उचलून माझ्या खिशात टाकलं, लिहिलेलं माझ्यासाठी बदलायला नको. दोनदा खोडून लिहिलेली ही चिठ्ठी तबकात ठेवली आहे आणि तबक आता खिडकीतून पलीकडे सरकवते आहे:

नाव: मी.
नंबर: तोच, जुना.
काम: निम्म्या मात्रेची गोळी, गुलाबी, जेवणानंतर दोन तासांनी, माझ्यासमोर. मशीन रद्द. चाक मी शिकेन, कितीही काचा फुटल्या तरी. पाय सोलले तर मी तुझ्यापेक्षा हळू चालेन. किती दिवस मिळतील ते मी विचारणार नाही, तूही विचारू नकोस.
कधी हवं: आजपासून.